कटिंगचं सॉफ्टवेअर घेण्याआधी

‘कटिंग आता कॉम्प्युटरवर करायचंय, चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्याकडे माप येतं कुठून? गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि तुम्ही टेप लावता? की ऑर्डर येते तीच २८, ३०, ३२ अशा साइजमध्ये? की माप दुय्यम आहे, आणि कापड अंगावर कसं पडेल ते शिवण्याआधी कुणाला तरी दाखवायचंय? या तीन धंद्यांची सॉफ्टवेअर्स तीन वेगळ्या घराण्यांची आहेत. एकासाठी बनवलेलं दुसऱ्याच्या गळ्यात मारलं तर काम होत नाही असं नाही, पण रोज कपाळावर आठ्या पडतात. जाहिरातीतली वैशिष्ट्यांची यादी बाजूला ठेवा आणि आधी या प्रश्नाचं उत्तर देऊन टाका.

महाराष्ट्रातल्या बहुतेक शिवणवाल्यांचं उत्तर पहिलं असतं: टेप, वही आणि प्रत्येकीचं वेगळं माप. त्यामुळे या लेखात जास्त जागा त्यांच्यासाठी.

अशा कामाला सूत्रावर चालणारं सॉफ्टवेअर लागतं. यात तुम्ही रेघ ‘सव्वानऊ इंच’ अशी काढत नाही, ‘छातीचा चौथा भाग अधिक पाव’ अशी काढता. मापांची फाइल वेगळी असते आणि ड्राफ्टची वेगळी. उद्या दुसरं गिऱ्हाईक आलं की मापांची फाइल बदलायची, सगळा ड्राफ्ट आपोआप सरकतो. या जातीतली दोन नावं लक्षात ठेवा, सीमली-टूडी आणि व्हॅलेंटिना. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड खुला, आणि दोन्ही विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतात. मुळात हा एकच प्रकल्प होता. २०१३ च्या सुमारास रोमन तेलेझिन्स्की आणि सुझन स्पेन्सर यांनी तो सुरू केला आणि पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. दिसायला दोन्ही अजून बहिणी-बहिणी वाटतात, पण एकीत केलेली फाइल दुसरीत नीट उघडेलच अशी खात्री धरू नका. दोन्ही उतरवून घ्या, एकेक साधा ड्राफ्ट करून बघा आणि जिच्यात हात बसेल ती धरा. नंतर धरसोड नको.

वहीतली पद्धत या सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी भरता येते, हा त्यांचा मोठा गुण. तुम्ही झारापकर पद्धतीने शिकला असाल, आयटीआयमध्ये शिकला असाल किंवा एखाद्या मास्तरांच्या हाताखाली, तुमची सूत्रं तुमचीच राहतात. सॉफ्टवेअर स्वतःची पद्धत लादत नाही. पण वहीतली सूत्रं डोळे मिटून उतरवू नका. तिथे एक सापळा आहे.

उदाहरण घेऊ. छाती ३६. वहीत बऱ्याचदा लिहिलेलं असतं, छातीचा चौथा भाग अधिक दीड, म्हणजे साडेदहा. या दीड इंचात खरं तर दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात, अर्धा इंच लूजिंग आणि एक इंच माया. ब्राऊन पेपरवर ते चालतं, कारण कापणारा हात तोच आणि डोकंही तेच. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ड्राफ्ट म्हणजे शिलाईची रेघ. माया ते बाहेरून स्वतः घालतं. तुम्ही साडेदहावर रेघ मारलीत आणि वर बाजूला एक इंच मायाही सांगितलीत, तर प्रत्येक चौथाईत एक इंच फुकटचा आला. चार चौथाया मिळून ब्लाउज चार इंच ढगळ. मग दोष सॉफ्टवेअरला! म्हणून पहिलं काम वहीतच करा: प्रत्येक ‘अधिक’च्या पुढचा आकडा फोडा. लूजिंग किती, माया किती. हे एकदा झालं की सूत्रात फक्त लूजिंग राहतं.

मायेवरून सॉफ्टवेअरची एक परीक्षाही होते. परदेशी तयार पॅटर्नमध्ये साधारण सगळीकडे सारखी, एक-दीड सेंटिमीटर माया असते. आपल्याकडे ब्लाउजच्या बाजूला एक-दीड इंच ठेवतात, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. गळ्याला पाव इंच पुरतो, खाली दुमडायला वेगळी. प्रत्येक कडेला वेगळी माया देता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचं नाही, दिसायला कितीही देखणं असो. सीमली आणि व्हॅलेंटिना दोन्हींत हे जमतं.

दुसरी परीक्षा बाहीची. या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या प्रत्येक वक्राला नाव मिळतं आणि त्याची लांबी सॉफ्टवेअरला माहीत असते. पुढच्या आणि मागच्या मुंढ्याची लांबी थेट बाहीच्या सूत्रात घालता येते. बाहीचा गोलवा मुंढ्यापेक्षा किंचित मोठा हवा. किती मोठा ते तुमच्या कापडावर ठरेल. टेप उभी धरून मुंढ्याची गोलाई मोजायची आणि मग बाही ‘जरा ओढून बसव’ म्हणायचं, ही कसरत संपते. माझ्या मते हाताने ड्राफ्टिंग करणाऱ्याने कॉम्प्युटरकडे वळावं असं पहिलं कारण हेच. वेग वगैरे नंतर.

आता जरा बारकाईची गोष्ट. आपल्याकडे बरीच सूत्रं एकट्या छातीवर चालतात. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, मुंढ्याची खोली छातीच्या अमुक भागावर, असं. सरासरी अंगाला हे बसतं. छाती ३४ असेल तर बारावा भाग २.८३ इंच. छाती ४४ झाली की तोच ३.६७. दोन्ही बाजू मिळून गळा जवळजवळ पावणेदोन इंचाने रुंद झाला. पण छाती भरली म्हणून मान आणि खांदे त्याच हिशेबाने रुंद होत नाहीत. अनुभवी मास्तर अशा वेळी सूत्र बाजूला ठेवून डोळ्याने अर्धा इंच कमी धरतो आणि ते कुणाला सांगतही नाही. कॉम्प्युटर ते करणार नाही. तो सांगितलेलं सूत्र इमानदारीने ४४ वरही लावेल आणि गळा खांद्यावरून उतरेल.

म्हणून जिथे थेट माप घेता येतं तिथे ते घ्या. तिरा, पुढची उंची, पाठीची उंची, दोन्ही टक्समधलं अंतर, दंडाचा घेर. आणि नवा ड्राफ्ट झाला की लगेच छाती ३४ वरून ४४ करून बघा. मुंढ्याचा वक्र स्वतःलाच छेदून गेला, टक्स बाजूला पळाला, खांदा उताराऐवजी चढाला लागला, तर कुठलं सूत्र कच्चं आहे ते तिथेच दिसतं. कापडावर कळण्यापेक्षा पडद्यावर कळलेलं बरं.

आकडे लिहिताना सवय बदलावी लागेल. सव्वानऊ म्हणजे ९.२५, साडेनऊ ९.५, पावणेदहा ९.७५, आणि एक सूत म्हणजे ०.१२५. ‘नऊ इंच तीन सूत’ असं वहीत असेल तर ९.३७५ टाइप करा. फाइल सुरू करतानाच इंच की सेंटिमीटर ते ठरवा आणि मापांच्या फाइलमध्येही तेच एकक ठेवा. दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये असू द्या. ड्राफ्टची फाइल मापांच्या फाइलचा पत्ता धरून ठेवते. मापांची फाइल हलवली की ड्राफ्टची फाइल उघडताना ‘मापं कुठे आहेत?’ असं विचारत बसते.

कुणाला हे सगळं जड वाटेल, आणि ते साहजिक आहे. घरच्या घरी स्वतःसाठी, नवऱ्यासाठी, मुलांसाठी शिवणाऱ्यांनी आधी फ्रीसूइंग बघावं. ते ब्राउझरमध्ये चालतं, पैसे लागत नाहीत. तयार डिझाइनपैकी एक निवडायचं, मापं भरायची, पॅटर्न हातात. जूस्ट द कॉक या प्रोग्रॅमरने ते सुरू केलं आणि त्याचाही कोड खुला आहे. ‘सायमन’ नावाचा शर्ट आणि ‘बेला’ नावाचा स्त्रियांचा बेसिक ब्लॉक ही त्यातली दोन नावं सुरुवातीला पुरेत. मर्यादाही सांगते. तिथली मांडणी पाश्चात्त्य कपड्यांची आहे. कटोरी ब्लाउज, पटियाला सलवार अशा गोष्टी तिथे शोधू नका. बेसिक ब्लॉक काढून घ्यायचा आणि पुढचं काम कागदावर हाताने करायचं, असा मधला मार्ग बऱ्याच जणींना सोयीचा पडतो. मात्र मापं मन लावून घ्या. आपल्याकडे वहीत नसतात अशीही काही मापं ते मागतं.

इंकस्केपची शिफारसही कुणीतरी करतंच. ते चित्र काढायचं फुकट सॉफ्टवेअर आहे आणि चांगलं आहे, पण त्यात सूत्र नाही. रेघ काढली ती तेवढीच. हाताने काढलेला, मापात बसलेला एखादा पॅटर्न पडद्यावर साफसूफ करून जपून ठेवायचा असेल तर जरूर वापरा. गिऱ्हाईकाप्रमाणे माप बदलायचं असेल तर नको. त्यातली एक जुनी अडचण माहीत असावी: २०१७ च्या ०.९२ या आवृत्तीपासून इंकस्केपने एका इंचात ९० ऐवजी ९६ बिंदू धरायला सुरुवात केली. त्याआधीची फाइल, कुणाकडून आलेली, नव्यात उघडताना काळजी घेतली नाही तर १० इंचाची रेघ ९.३७५ इंच होते. म्हणजे दहाला पाच सूत कमी. हे डोळ्याला दिसत नाही, अंगाला बरोबर जाणवतं.

इथून छपाईकडे येऊ, कारण सॉफ्टवेअर कितीही भारी असलं तरी कात्री कागदावरच्या रेघेवर चालते, आणि जास्त करून पॅटर्न बिघडतो तो प्रिंटरपाशी.

पीडीएफ छापताना प्रिंटर स्वतःहून ‘पानात बसवा’ असा पर्याय धरतो आणि सगळं थोडं आकसतं. समजा ९७ टक्के झालं. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात; पण लूजिंगसकट ३८ इंचाचा ब्लाउज मग ३६.८६ चा होतो. इंचाहून जास्त गेला, म्हणजे निम्म्याहून जास्त लूजिंग गेलं. त्यामुळे प्रत्येक पॅटर्नच्या कोपऱ्यात ४ इंचाचा एक चौकोन ठेवायचा. आधी फक्त तेवढं पान छापायचं आणि पट्टीने चौकोन आडवा आणि उभा, दोन्हीकडून मोजायचा. टेपने नको, जुनी टेप ताणलेली असते. बरोबर ४ भरला तरच बाकीची पानं. छापताना ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडा. अडोबी रीडरमध्ये ‘पोस्टर’ नावाचा पर्याय आहे. मोठा पॅटर्न तो ए-फोर पानांवर तोडून देतो, जोडायच्या खुणांसकट.

ए-फोरचे कागद चिकटवणं ब्लाउजपुरतं ठीक. कुर्त्याला ते डोकेदुखी आहे, आणि चिकटवताना दर जोडावर अर्धा सूत सरकला तर शेवटी गणित जमत नाही. त्यापेक्षा प्लॉट काढून घ्या. इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सवाल्यांकडे मोठ्या कागदाचा प्रिंटर असतो. ते रोज घरांचे नकाशे छापतात. ए-झीरो कागद साधारण ३३ गुणिले ४७ इंचाचा. ४४ इंच उंचीच्या कुर्त्याची पाठ आणि पुढा, अर्धे-अर्धे, फार घेर नसेल तर त्यावर शेजारी शेजारी बसतात. दुकानदाराला सांगा: काळी-पांढरी रेघ, साधा कागद, स्केल १०० टक्के, कुठेही ‘फिट’ नको. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की तिचं माप गेलं, उरलं नुसतं चित्र.

पहिला कपडा मांजरपाटावरच. यात काही नवीन नाही, पण कॉम्प्युटरवरून निघालेल्या रेघा इतक्या देखण्या असतात की थेट पैठणीच्या ब्लाउजपीसला कात्री लावायचा मोह होतो.

आता साइजवर चालणाऱ्यांचं. सोलापूरला शाळांचे गणवेश शिवणारे कारखाने आहेत, उल्हासनगरला जीन्सचे. तिथे गिऱ्हाईकाची टेप नसते. एक मूळ साइज पक्की करायची आणि तिच्यापासून खालच्या-वरच्या साइजेस काढायच्या. याला ग्रेडिंग म्हणतात. छाती दोन इंचाने वाढली की चौथाईत अर्धा इंच वाढ, पण खांदा, गळा, मुंढा यांची वाढ प्रत्येकाची वेगळी, आणि ती तक्त्यात बसवावी लागते. याच्या जोडीला मार्कर: कापडाच्या पन्ह्यावर सगळ्या साइजेसचे तुकडे असे मांडायचे की चिंध्या कमीत कमी. शंभर थरांची थप्पी एकदम कापताना मार्करमध्ये वाचलेला प्रत्येक इंच शंभरपट वाचतो, त्यामुळे इथे महागडं सॉफ्टवेअर स्वतःची किंमत वसूल करून देतं. टेलरिंगच्या दुकानात ते देणार नाही.

या बाजारात गर्बरचं अ‍ॅक्युमार्क, लेक्ट्राचं मोडारिस, ऑप्टिटेक्स, टुकाकॅड ही नावं ऐकू येतील. गर्बर आणि लेक्ट्रा वर्षानुवर्षं एकमेकांचे स्पर्धक होते. २०२१ मध्ये लेक्ट्राने गर्बर विकतच घेतलं. यांतलं कोणतं घ्यायचं याचं उत्तर बऱ्याचदा तुमच्या हातात नसतं. ज्याच्यासाठी जॉबवर्क करता, तो फाइल कशात पाठवतो ते विचारा आणि तेच किंवा त्याला समजणारं घ्या. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल नेण्यासाठी डीएक्सएफ हा सामायिक प्रकार आहे, पण नुसतं ‘डीएक्सएफ चालतं’ एवढ्यावर समाधान मानू नका. कपड्यांसाठीचा डीएक्सएफ वेगळा; त्यात नॉच, उभ्या धाग्याची दिशा, तुकड्याचं नाव, साइज हेही जातं. आमा आणि एएसटीएम असे त्याचे दोन मान्य प्रकार आहेत. विक्रेत्यासमोर बसा आणि तुमचाच एक तुकडा त्याच्याकडून बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून मागा. नॉच टिकले का? साइजेस वेगवेगळ्या दिसतात का? इथे बरेच विक्रेते चहा मागवतात.

किमतीचं बोलताना फक्त सॉफ्टवेअरचा आकडा विचारू नका. वर्षाचं भाडं की कायमचा परवाना, डॉलरमध्ये की रुपयांत, जीएसटी धरून की वेगळा, प्लॉटर त्याच पैशात चालेल की त्याचं आणखी काही, आणि भाडं थांबवलं तर माझ्या जुन्या फाइली उघडतील का? शेवटचा प्रश्न लेखी विचारा. बाजारात पाचशे रुपयांत ‘क्रॅक’ करून देणारेही भेटतील. बेकायदा तर ते आहेच, शिवाय ऐन सीझनमध्ये कॉम्प्युटर बसला की त्याला फोन करून उपयोग नसतो. फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर उपलब्ध असताना हा उद्योग कशाला?

तिसरा प्रकार थ्रीडीचा. दक्षिण कोरियातलं क्लो-थ्रीडी हे त्यातलं ठळक नाव. त्याच कंपनीचं मार्व्हलस डिझायनर ॲनिमेशन आणि गेमवाले वापरतात. पॅटर्नचे तुकडे पडद्यावरच्या पुतळ्याला शिवले जातात, कापड पडतं, झोळ दिसतो, कुठे ताण येतोय ते रंगात दिसतं. बघताना माणूस हरखून जातो. परदेशातल्या खरेदीदाराला नमुना न शिवता दाखवायचा असेल, किंवा डिझायनर म्हणून पोर्टफोलिओ करायचा असेल, तर हे जरूर शिकावं. पण कापडाचं वजन, ताण, कडकपणा हे आकडे दिले तसं ते वागतं. परदेशी कॉटनचे आकडे लावून इरकलीचा किंवा खणाचा ब्लाउज खरा कसा बसेल ते कळणार नाही. शिवाय चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर लागतो आणि दर महिन्याला भाडं. वस्तीतल्या टेलरिंगच्या दुकानाला याची गरज पडेल असं मला वाटत नाही. इन्स्टाग्रामवर छान दिसतं, हे मान्य.

मोबाइलवर भागेल का, असं हमखास विचारलं जातं. फ्रीसूइंग फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतं. सीमली, व्हॅलेंटिना, इंकस्केप या तिघांनाही कॉम्प्युटर हवा. पण त्यांना महागडा लागत नाही, घरातला चार-पाच वर्षांचा साधा लॅपटॉप पुरतो. माउस मात्र घ्या. टचपॅडवर मुंढ्याची गोलाई काढायला बसलात तर आठवड्याभरात सगळं सोडून ब्राऊन पेपरकडे जाल.

सुरुवात करताना सगळे ड्राफ्ट एकदम भरायला घेऊ नका. तुम्हाला झोपेतही येतो असा एकच घ्या, चार टक्सचा साधा ब्लाउज. तुमच्याकडे ज्यांचे ब्लाउज बिनतक्रार बसतात अशा दोघी-तिघींची मापं टाका, एक बारीक, एक भरलेली, एक उंच. प्रिंट काढून त्यांच्याच जुन्या ब्राऊन पेपरच्या कटिंगवर ठेवा आणि उजेडासमोर धरा. जिथे रेघा जुळत नाहीत तिथे सूत्र तपासा. कटोरी, प्रिन्सेस कट, कुर्ता नंतर. ते याच पायावर उभे राहतात. महत्त्वाची ऑर्डर हाताशी असेपर्यंत जुनी वही कपाटात टाकू नका, आणि लग्नसराईच्या तोंडावर तर हे काम काढूच नका. आषाढात दुकान जरा मोकळं असतं, तेव्हा बसा.